गाण्याच्या वर्गाचा पहिला दिवस

(कळंबा, जि. कोल्हापूर येथे झालेल्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजच्या बैठकीचा विषय 'गाणं शिकणाऱ्या मुली' असा ठेवला, तेव्हा एक काकी मला म्हणाल्या, "ताई, गाणं हा काय प्रश्न हाय व्हय? पाण्याचं बोला, दारूचं बोला." काकींचं चूक नाही. आपल्या बैठकांत पोटाचे आणि मारहाणीचे प्रश्न आधी येतात, आणि ते आधी यायलाच हवेत. पण यंदा कळंब्यातल्या, आपल्याच गटांतल्या तीन घरांतल्या मुलींनी बारावीनंतर संगीत विषय घेऊन कॉलेजात नाव घातलं. चौथी मी. माझं वय चौतीस, एमएसडब्ल्यू होऊन दहा-अकरा वर्षं झाली. लहानपणी राहून गेलेलं गाणं आता शिकायचं, म्हणून मी पदविकेच्या वर्गाला प्रवेश घेतला.

त्यामुळे पहिल्या दिवशीच्या कार्यक्रमाला, ज्याला आता सगळे ओरिएंटेशन म्हणतात, मी पाहुणी म्हणून खुर्चीत बसले नव्हते. नवी विद्यार्थिनी म्हणून सतरंजीवर बसले होते. आजूबाजूला अठरा-अठरा वर्षांच्या मुली. त्या दिवशी आम्हाला काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. दोन महिने होतात तोवर आपल्या तिघींपैकी एक कॉलेज सोडायला निघाली. तेव्हा ती वही पुन्हा उघडली आणि ठरवलं, हा विषय गटापुढे ठेवायचाच.

पहिल्या दिवशी काय झालं?

कॉलेजचं नाव सांगायची गरज नाही. चार ठिकाणी चौकशी केली, सगळीकडे साधारण असंच असतं. सरस्वतीपूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत. मग हजेरीचा नियम, ओळखपत्र, ग्रंथालय, परीक्षा किती गुणांची, लेखी किती, प्रात्यक्षिक किती. नंतर रॅगिंगविरोधी हमीपत्र. 2009 च्या युजीसीच्या नियमांप्रमाणे ते विद्यार्थ्याला आणि पालकाला, दोघांनाही द्यावं लागतं. शेवटी विभागात नेऊन एकेकीला 'सा' लावायला सांगितलं, प्रत्येकीची पट्टी बघितली. शिकवणारी माणसं प्रेमळ होती. चुकलं तरी कुणी कुणाला हसलं नाही. हे सगळं चांगलंच आहे.

पण प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'संगीताचे पूर्वशिक्षण व कौटुंबिक पार्श्वभूमी'. माझ्या शेजारच्या मुलीनं तिथे लिहिलं, 'नाही'. चहाच्या वेळी बोलताना कळलं, तिची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, आई अजून हळदीला म्हणते, आणि मामा हलगी वाजवतो. म्हणजे तीन पिढ्यांचं गाणं-वाजवणं घरात आहे, आणि तरी पोरगी लिहिते 'नाही'. तिला कुणी सांगितलंच नाही की ते संगीत आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्या. एवढ्या मोठ्या गायनाला आपल्याच मुलीच्या फॉर्मवर जागा नाही. ज्या मुलीच्या घरी हार्मोनियम आहे ती पहिल्या दिवशी पुढे बसते आणि जिच्या घरी हलगी आहे ती मागे बसते. जात ही अशीही वर्गात येते. कुणी वाईट शब्द बोलायची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट. गायन, तबला, हार्मोनियम यांतलं काय घेणार, असं विचारत होते. मुलींची नावं न विचारता गायनात लिहिली जात होती. एका मुलीनं 'तबला' म्हटलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हाताला घट्टे पडतील." मुंबईच्या आबान मिस्त्री आयुष्यभर एकल तबलावादन करत राहिल्या, 2012 साली गेल्या. त्यांचं नाव त्या वेळी कुणाच्याच तोंडात आलं नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आज उभी आहे. भाषणांत 'गुरु-शिष्य परंपरा' हा शब्द पुन्हापुन्हा आला. गुरूला शरण जावं, प्रश्न विचारू नयेत, विद्या सेवेनं मिळते. सरकारी भाषेतही ते उतरलंय. युजीसीनं 2019 साली नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या कार्यक्रमाला नाव दिलं 'दीक्षारंभ'. आपल्या संगीतात दीक्षेचा जुना विधी म्हणजे गंडाबंधन. गुरू शिष्याच्या मनगटाला धागा बांधतो, गूळ-चणे तोंडात घालतो, शिष्य नजराणा देतो आणि निष्ठेचं वचन देतो. नीट बघा. धागा एकाच्याच मनगटाला बांधला जातो. गुरूनं काय द्यायचं, किती वर्षं शिकवायचं, कसं वागायचं, हे कुणी बांधून घेत नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवशीही आम्ही हमीपत्र दिलं, पालकांनी दिलं. कॉलेजनं आम्हाला काय लिहून दिलं? हा प्रश्न मला त्या सतरंजीवर बसल्याबसल्या पडला.

ज्यांना पहिला दिवस मिळालाच नाही

हे गाणं आपल्यापर्यंत कुणी आणलं, ते आठवू या. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते. इथला देवल क्लब 1883 सालापासूनचा. कोल्हापूरला गाण्याचं गाव म्हणतात ते उगीच नाही. पण त्या काळात बाईनं गाणं शिकायचं तर दोनच वाटा होत्या. कलावंतिणीच्या पोटी जन्म घ्यायचा, म्हणजे गाता येत होतं पण मान नव्हता. नाहीतर घरंदाज म्हणवणाऱ्या घरात जन्म घ्यायचा, म्हणजे मान होता पण गाता येत नव्हतं.

केसरबाई केरकर गोव्याच्या, जन्म 1892. आठ वर्षांच्या असताना त्यांना कोल्हापूरला आणलं आणि त्या काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. मग पुन्हा गोवा, मग मुंबई, एका गुरूकडून दुसऱ्याकडे. 1921 साली अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांचं पक्कं शिक्षण सुरू झालं, तोवर त्या तिशीच्या जवळ आल्या होत्या. म्हणजे चौतिसाव्या वर्षी वर्गात बसलेली मी काही फार उशिरा आलेली नाही! 1977 साली व्हॉयेजर यानातून पृथ्वीवरचे निवडक आवाज अवकाशात पाठवले, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. आणि त्याच बाईला शिकण्यासाठी उमेदीची वीस वर्षं दारोदार हिंडावं लागलं.

मोगूबाई कुर्डीकर, जन्म 1904. लहानपणीच आई गेली. सांगलीला असताना अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. पुढे मोठ्या लोकांच्या रागलोभापायी ते शिक्षण तुटलं. मग खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे, आणि पुढे पुन्हा खाँसाहेबांकडे. शिष्येला 'मला का थांबवलं' म्हणून विचारायला कुठे जागा होती? मुलगी किशोरी आमोणकर पुढे मैफलीच्या अटींबाबत फार कडक राहिल्या. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचे. त्या सांगायच्या की, आईला मैफलीच्या गावी कशी वागणूक मिळायची ते मी लहानपणी पाहिलं आहे. मानधन आणि राहण्याची नीट सोय मागणं हा तऱ्हेवाईकपणा कसा? तो हक्क आहे. आपण रोजगार हमीवर मजुरी आणि पिण्याचं पाणी मागतो, तसंच ते.

गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जाऊन-येऊन शिकल्या. लहानपणी रस्त्यानं जाताना 'गाणारी' म्हणून टोमणे ऐकले. मिरजेत 1905 साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांपैकी. आपल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी, जन्म 1927, ब्राह्मण घरातल्या. भुर्जी खाँसाहेबांकडे शिकल्या, पुढे केसरबाईंकडे. लग्न केलं नाही, जन्म गाण्याला दिला.

आता शाळा-कॉलेजातलं गाणं कुठून आलं? आपल्या शेजारच्या कुरुंदवाडात 1872 साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, वेळापत्रक, पुस्तकं, परीक्षा. राजाच्या मर्जीवर आणि उस्तादाच्या लहरीवर असलेलं गाणं लोकांसाठी खुलं केलं. आज आपल्या मुली 'प्रवेशिका', 'मध्यमा', 'विशारद' म्हणतात ते त्याच परंपरेतून. मध्यमवर्गातल्या मुलींना त्यानं दार उघडलं, हे मानलंच पाहिजे. पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. गाणं 'सभ्य' करताना ज्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्यांना मागच्या दारानं बाहेर काढलं. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत तर ज्यांचं खाजगी आयुष्य समाजाला पटत नव्हतं, अशा गायिकांना आकाशवाणीनंही दार बंद केलं. एका बाईला आत घेताना दुसरीला बाहेर ढकलायचं, ही पुरुषप्रधान व्यवस्थेची जुनी खोड आहे. मुलींनी सरस्वतीच्या तसबिरीला नमस्कार केला तेव्हा केसरबाईंचा आणि मोगूबाईंचाही फोटो तिथे असायला हवा होता.

रियाज लपवता येत नाही

आता आपल्या मुलीकडे येऊ. ती कॉलेज का सोडत होती? आवाज चांगला, शिक्षक खूष. घरी गेले तर आई म्हणाली, "मी पहाटं उठतो, पाणी भरतो, डबं करतो, आठला कामावर जातो. ही सा लावून बसली की शेजारी दार वाजवतोय. सासूबाई म्हणत्यात, लग्नाची पोरगी सकाळी सकाळी वरडती कशाला? मी काय काय ऐकू?"

ह्या आईला आपण दोष द्यायचा नाही. दोन खोल्या, सहा माणसं, नळाला ठरावीक वेळी पाणी. पण त्याच घरातला मुलगा ढोल-ताशा पथकात आहे. गणपतीच्या आधी महिनाभर अख्खी गल्ली सराव ऐकते. त्याच्यासाठी कुणी दार वाजवत नाही.

मैत्रिणींनो, शिवण, भरतकाम, अगदी अभ्याससुद्धा मुलगी कोपऱ्यात गुपचूप करू शकते. गाणं गुपचूप होत नाही. रियाज म्हणजे रोज, ठरलेल्या वेळी, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा आवाज काढायचा. तोही सुरुवातीला बेसूर. आपल्याकडे मुलीला पहिलं काय शिकवतात? हळू बोल, हसू नको, आवाज बाहेर जाऊ देऊ नको. अठरा वर्षं हे शिकवून मग एका सकाळी तिला सांगायचं की 'पोटातून मोकळा आवाज काढ'. तो निघेल कसा? माझाही पहिले पंधरा दिवस निघत नव्हता, आणि मी मोर्चात घोषणा देणारी बाई!

वेळेचं तसंच. गाण्याचा तास बऱ्याचदा संध्याकाळी असतो, कारण साथीला तबलजी तेव्हा मोकळे असतात. कळंब्याहून शहरात केएमटीनं जायचं, परत येताना अंधार. प्रत्येक घरात एकच प्रश्न, "तिला आणायला कोण जाणार?" वडील रिक्षावर, भावाला वेळ नाही. मग उत्तर ठरलेलं, "तास बुडव." गारगोटीकडून येणाऱ्या मुलींचं तर विचारू नका. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, त्याचा उपयोग होतो. पण गाडीच वेळेवर नसेल तर निम्मं काय आणि पूर्ण काय!

आणि शेवटी लग्न. बायोडाटावर 'गायनाची आवड' चालते. 'रोज दोन तास रियाज करते' हे चालत नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे एक अभंग म्हणून दाखवला की गाण्याचं काम संपलं. पुढे तानपुरा माळ्यावर. आता तर तानपुरा मोबाइलमध्येच वाजतो, तो पुसून टाकायला एक बोट पुरतं.

यातलं काहीही पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. 'रोज दोन तास रियाज करा' एवढं सांगितलं. ते दोन तास कुठून आणायचे, कुठे बसून करायचे, त्या वेळात पाणी कुणी भरायचं, हे सांगितलं नाही. पालक सभागृहात बसलेले होते. त्यांना तेव्हाच सांगता आलं असतं की हा अभ्यास आहे, शौक नाही, आणि त्याला घरानं वेळ आणि जागा द्यायची असते.

समितीचं नाव कुठे आहे?

आता अवघड भागाकडे येते. संगीत समोरासमोर शिकवलं जातं. खोली लहान, दार लावलेलं, कारण आवाज बाहेर जाऊ नये. एक शिक्षक, एक विद्यार्थिनी. हात धरून बोलांची बोटं बसवतात, श्वास कुठून घ्यायचा ते दाखवायला पोटाला, पाठीला हात लावतात. बहुतेक शिक्षक निर्मळ मनानं शिकवतात. पण मुलीला कुणी सांगितलेलं नसतं की शिक्षकानं आधी विचारायला हवं, आणि ती 'नको' म्हणू शकते. वर 'गुरूला शरण जा' हे पहिल्याच दिवशी सांगून झालेलं असतं.

माझ्या कामात एक मुलगी भेटली. एका खाजगी क्लासला जायची, सोळा वर्षांची. एक दिवस म्हणाली, मला गाणं आवडत नाही. घरच्यांना वाटलं, कंटाळली असेल. फी वाचली म्हणून कुणी फार विचारलंही नाही. खरं काय झालं ते तिनं चार वर्षांनी सांगितलं, तेही दुसऱ्याच एका विषयावरच्या शिबिरात. आपल्याकडे गाणं सोडलेल्या मुली किती, ते मोजलं जातं. का सोडलं, ते कुणी विचारत नाही.

हे फक्त लहान गावातलं नाही. 2020 साली एका नामवंत ध्रुपद गुरुकुलातल्या विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी जाहीरपणे मांडल्या. 2023 साली चेन्नईच्या कलाक्षेत्रात विद्यार्थी-विद्यार्थिनी आंदोलनाला बसले, आणि एका शिक्षकाला अटक झाली. त्या मुलींना किती ऐकून घ्यावं लागलं असेल! 'कलेचा अपमान', 'परंपरेला काळिमा'. परंपरेला काळिमा छळानं लागतो, तक्रारीनं नाही.

कायदा आहे. तो आपल्यासारख्याच बायकांच्या लढ्यातून आलाय. राजस्थानातल्या भंवरीदेवी या साथिनीवर 1992 साली अत्याचार झाला, बायका कोर्टात गेल्या, 1997 साली विशाखा निकाल आला, आणि 2013 साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. 2015 साली युजीसीनं कॉलेज-विद्यापीठांसाठी वेगळे नियम केले. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक मुलीला तोंडपाठ हव्यात.

पहिली, कॉलेजात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ शिक्षिका, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती हवी. विद्यार्थ्यांचा मामला असेल तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. प्राचार्य त्या समितीवर नसतात.

दुसरी, समितीची माहिती आणि छळाची शिक्षा माहितीपत्रकात आणि फलकावर लावणं कॉलेजवर बंधनकारक आहे. मी पहिल्या दिवशी फलक शोधला. जिन्याखाली होता, नावं दोन वर्षांपूर्वीची. त्यातल्या एक बाई निवृत्त झालेल्या.

तिसरी, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. उशीर झाला तर कारण सांगून मुदत वाढवून घेता येते. मुलीला लिहिता येत नसेल, ती घाबरलेली असेल, तर समितीनं तिला मदत करायची.

चौथी, आणि संगीताच्या मुलींसाठी सगळ्यात महत्त्वाची. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला त्या मुलीची परीक्षा घेण्यापासून, गुण देण्यापासून दूर ठेवता येतं. प्रात्यक्षिकाचे गुण ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध मुलगी तोंड उघडत नाही. 'माझी विशारद अडकेल', 'मैफलीत संधी मिळणार नाही' ही भीती खरी असते. म्हणून ही तरतूद मुलींना आधीच माहीत हवी.

खाजगी क्लासला अशी समिती नसते. तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलगी अठराच्या खालची असेल तर 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो. 1098 हा मुलांसाठीचा आणि 181 हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर. हे नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आपण काय करायचं?

'मग मुलींना गाण्याला पाठवूच नको' असं कुणी म्हणेल. हे उत्तर आपण शंभर वर्षं ऐकतोय. शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, तेव्हाही मुलींना शाळेत घालायला लोक कचरत होते. धोका आहे म्हणून मुलीला घरी बसवायचं, की धोका आहे म्हणून जागा सुरक्षित करायची? आपल्या गटाचं उत्तर ठरलेलं आहे.

त्या मुलीचं काय झालं, ते सांगते. गटातल्या पाच-सहा बायका बसल्या. गटाची ही खोली सकाळी रिकामीच असते. तिची किल्ली मुलीकडे दिली, सहा ते साडेसात तिचा रियाज. पाणी भरायला भावाला सांगितलं. पहिले चार दिवस तो कुरकुरला, आता भरतो. शेजारचे दादा एमआयडीसीत रात्रपाळी करतात, त्यांची झोप हाही खराच प्रश्न होता. तोही सुटला. संध्याकाळच्या तासाला आता तिघी एकत्र जातात, एकत्र येतात. मुलगी कॉलेजात आहे. आजीचा राग अजून गेलेला नाही. तो लगेच जाणारही नाही.

पण प्रत्येक मुलीमागे गट असतोच असं नाही. म्हणून पुढच्या वर्षीच्या ओरिएंटेशनच्या आधी आपण कोल्हापुरातल्या संगीत शिकवणाऱ्या कॉलेजांना निवेदन द्यायचं, असं मी सुचवते. त्यात पाच मागण्या ठेवू.

पहिल्या दिवशी अंतर्गत समितीच्या सदस्यांची समोर उभं राहून ओळख करून द्यावी आणि तक्रार कशी करायची ते सांगावं.

शिकवताना स्पर्श करावा लागला तर आधी विचारलं जाईल, आणि दाराला काच असेल किंवा दार उघडं राहील, हे कॉलेजनं लिहून द्यावं. आम्ही हमीपत्र देतो, तसंच त्यांनीही द्यावं.

कॉलेजातली एक खोली सकाळी आणि दुपारी रियाजासाठी मोकळी ठेवावी. घरी जागा नसलेल्या मुलींना तिथे पहिला हक्क असावा.

संध्याकाळचे तास शेवटच्या सोयीच्या बसची वेळ बघून लावावेत, आणि त्यासाठी कॉलेजनं केएमटी आणि एसटीशी बोलावं.

फॉर्मवरचा तो रकाना बदलावा. 'घरात कुणी ओव्या, भजन, भारूड, शाहिरी म्हणतं का? कुणी हलगी, सनई, ढोल वाजवतं का?' असं साध्या भाषेत विचारावं. आणि तबल्याच्या वर्गात नाव घालायचं का, हे मुलींनाही विचारावं.

आयांसाठीही एक काम आहे. पालक म्हणून ओरिएंटेशनला तुम्ही स्वतः जा. वडील गेले तर बरंच, पण तुम्ही जा. मागे बसू नका. 'समिती कुठली, तिचा फोन नंबर काय, तास किती वाजता सुटतो' हे तीन प्रश्न उभं राहून विचारा. लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून द्या. घरी आल्यावर मुलीच्या रियाजाची वेळ भिंतीवर लिहा, शाळेचं वेळापत्रक लिहितो तशी. आणि कधी मुलगी म्हणाली, 'मला आता गाणं आवडत नाही', तर तिथेच विषय सोडू नका. तिच्याजवळ बसा, आणि विचारा.

आणि मुलींनो, तुम्ही इथे आलाय म्हणून सांगते. गुरूला मान द्या. विद्या फार मोठी आहे, आणि ती देणारा माणूस मोठाच असतो. पण मान देणं आणि स्वतःला गहाण टाकणं यात फरक आहे. केसरबाईंना, मोगूबाईंना, गंगूबाईंना विचारायला जागा नव्हती, तरी त्या गायल्या. तुम्हाला जागा आहे, कायदा आहे, मागे गट आहे. पहिल्या दिवशी 'सा' लावता तसाच एक प्रश्नही विचारून या.

निवेदनाचा मसुदा इथे ठेवला आहे. वाचा, त्यात भर घाला, आणि सह्या करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारणीनं वाचून दाखवावा. ज्या काकींनी 'गाणं हा काय प्रश्न' असं विचारलं, त्यांची सही मला पहिली हवी आहे, कारण त्यांची नातही यंदा दहावीला आहे आणि गाते चांगली, असं मी ऐकलंय.